तुआसला पाहिलेला तलवारबाजीचा चित्रपट

तुआस हे सिंगापूर बेटाचे पश्चिमेकडील टोक. तेथे कारखाने, गोद्या आणि भले मोठे बंदर. आमचा भाचा तेथे नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी संध्याकाळी कामगारांसाठी लावलेला ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा आंग ली यांचा २००० सालचा चित्रपट आम्ही पाहिला. आजूबाजूला तमिळ, बंगाली आणि चिनी मंडळी बसली होती.

तलवारबाजी म्हटली की आम्हाला भालजी पेंढारकरांचे मावळे आठवतात, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना वाडिया मूव्हीटोनची ‘हंटरवाली’ (१९३५) नादिया. त्या वाडियांसाठी आपल्या समाजाचे जोसेफ डेव्हिड यांनीही लेखन केले. ‘आलम आरा’ (१९३१) त्यांच्याच नाटकावरून निघाला. चिनी तलवारपटाचा वारसाही जुना आहे. शॉ बंधूंनी १९२० च्या दशकात याच सिंगापुरात बस्तान बसवले. पुढे हाँगकाँगला त्यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) मध्ये चेंग पेई-पेई हिने तलवार उचलली. प्रस्तुत चित्रपटातील खलनायिका जेड फॉक्स तीच.

कथा थोडक्यात अशी. नामांकित योद्धा ली मू बाई आपली तलवार सोडून देतो, ती चोरीस जाते आणि चोर निघते एका सरदाराची लाडकी लेक जेन. ली आणि शू लिएन यांचे एकमेकांवर प्रेम आहे, पण शू लिएनचा वाग्दत्त वर हा लीचा मानलेला भाऊ होता व तो मारला गेला. त्याच्या स्मृतीचा मान राखायचा म्हणून दोघे वर्षानुवर्षे गप्प राहतात.

मारामारी युएन वू-पिंग यांनी बसवली आहे. माणसे छपरांवरून धावतात, बांबूच्या शेंड्यांवर झुलत लढतात. हे खोटे आहे हे कळते, पण डोळ्यांना खुपत नाही, कारण ज्याला जे बोलवत नाही तेच तो तलवारीने सांगतो. जेन आणि शू लिएन यांची झुंज तर धाकट्या-थोरल्या बहिणींचे भांडणच वाटते. चित्रीकरणात मिशेल यो यांचा गुडघा जायबंदी होऊन शस्त्रक्रिया करावी लागली होती. हे ठाऊक असले म्हणजे त्या उड्यांचे मोल अधिक कळते. दोष एवढाच की मधला वाळवंटातील प्रेमप्रसंग फार लांबला आहे.

ली व शू लिएन बोलू लागले की आमच्या पुढच्या रांगेतली चिनी मुले हसत होती. भाच्याने विचारले तेव्हा कळले की दोघांचे उच्चार परके आहेत. नट हाँगकाँगचा, नटी मलेशियाची. आम्हाला मात्र हसू आले नाही. आमच्या हिब्रूलाही असेच हसले आहेत.

शेवटी विषारी सुई लागून ली मरू लागतो. शू लिएन सांगते, श्वास जपून वापर. तो मात्र उरलेला श्वास प्रेमाची कबुली देण्यात खर्च करतो. काहींना हे नाटकी वाटेल. रुग्णालयातील रात्रपाळ्यांत आम्ही पुष्कळांच्या उशाशी बसलो आहोत. अखेरच्या घटकेला माणसे औषध मागत नाहीत. राहून गेलेले काहीतरी सांगायला बघतात, आणि बहुधा ऐकणारे माणूस जवळ नसते. इथे ते जवळ होते, म्हणून हा प्रसंग आम्हाला खरा वाटला.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती जेड फॉक्स. तिने विद्येचा ग्रंथ चोरला, पण अक्षरे वाचता न आल्याने चित्रे पाहूनच शिकली. तिची शिष्या जेन वाचू शकत होती, म्हणून गुरूच्या पुढे गेली आणि ते लपवून ठेवले. आपल्या घरांत काय चालले आहे? नातवंडे मलिद्याचे ताट ओळखतात, हळदीची गाणी टाळ्या वाजवून ऐकतात. पण आजीची पत्रे त्यांना वाचता येत नाहीत. चित्रे आहेत, अक्षरे गेली. आणि ज्यांना वाचता येते ते आपण, मुलांना जड जाईल म्हणून, गप्प बसलो.

ली मू बाईला बोलायला एक श्वास तरी मिळाला. आपल्यापाशी अजून पुष्कळ आहेत. वाचकहो, हा चित्रपट नातवंडांना घेऊन पाहा, आणि तो संपला की त्यांना ‘अ’ काढून दाखवा.