ऐकणारा चेहरा

बिमल रॉय दिग्दर्शित ‘बंदिनी’ चित्रपटातल्या खुनाच्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीतच. कल्याणी (नूतन) इस्पितळात काम करते. जिची सेवा करायची, ती चिडखोर, तोंडाळ बाई म्हणजे आपल्याला सोडून गेलेल्या बिकाशची बायको, हे तिला नुकतंच कळलंय. आपल्याला शोधत शहरात आलेले वडील अपघातात गेले, हेही. बाईला चहा हवाय. बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा लखलखाट चाललाय. तो उजेड नूतनच्या चेहऱ्यावर येतो, विझतो, पुन्हा येतो.

पूर्वी मला वाटायचं, ही सगळी किमया कॅमेऱ्याची. कमल बोस यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालंही. मग एकदा मुद्दाम फक्त नूतनकडे बघत बसले. ती चेहऱ्यानं काहीच ‘करत’ नाही. ती घणाचे आवाज ऐकते. घाव बाहेर पडतो आणि आत कुठे लागतो, ते तिच्या डोळ्यांत कळतं. विषाच्या बाटलीकडे हात जाईपर्यंत आपणही तिच्याच कानांनी ऐकू लागलेलो असतो.

नूतनचं मोठेपण मला या ऐकण्यात दिसतं. ‘सुजाता’ (1959) आठवा. टेलिफोनवर सुनील दत्त गातोय, ती रिसीव्हर कानाशी धरून नुसती उभी आहे. अख्ख्या गाण्यात तिला एक शब्द नाही. तरी गाणं लक्षात राहतं ते तिच्या भरून येणाऱ्या डोळ्यांमुळे. ती स्वतः गाणारी होती. ‘छबिली’त (1960) स्वतःची गाणी तिनंच म्हटली. सुरांत मुरलेला तो कान अभिनयातही उतरला असणार, असं मला मनापासून वाटतं.

शोभना आणि कुमारसेन समर्थांची ही लेक. 1950 साली आईनंच ‘हमारी बेटी’त तिला पुढे आणलं. 1963 सालची ‘बंदिनी’ आली तोवर तिचं लग्न झालेलं होतं, पदरात मूल होतं. लग्नानंतर नायिकेचे दिवस संपले असं मानणाऱ्या त्या काळात तिला आयुष्यातली सर्वांत अवघड भूमिका मिळाली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या तिच्या पाच फिल्मफेअरांपैकी तिसरं याच भूमिकेचं.

बिमल रॉय यांचं कामाचं बिऱ्हाड अंधेरीच्या मोहन स्टुडिओत होतं. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहल उभा राहिला तोही तिथेच. एका चेहऱ्याला हजार आरशांत दाखवणाऱ्या त्या आवाराशी नातं सांगणाऱ्या सिनेमात नूतनला एक चेहरा पुरला, याचं मला फार अप्रूप आहे. स्टुडिओ आता नाही. अंधेरीत आमच्या बिल्डिंगशेजारी पुनर्विकासाची ठोकाठोक चालते, रात्री वेल्डिंगचा निळा उजेड स्वयंपाकघराच्या भिंतीवर नाचतो, तेव्हा चहाचं आधण ठेवता ठेवता माझा हात थबकतो.

खुनानंतरचा क्षण तर आणखी थोर. कल्याणी पळून जात नाही. गुन्हा स्वतःच कबूल करते. इतका वेळ सगळं आत घेत आलेल्या बाईच्या तोंडून आवाज फुटतो, आणि मग कुठे आपल्या ध्यानात येतं की मघापासून आपणही श्वास रोखून धरला होता.