संवादाची संकल्पना आणि नकाराचे स्थान

भाषाविज्ञान, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि साहित्यसमीक्षा या क्षेत्रांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'संवादा'विषयी विपुल लेखन झाले. त्या सर्वांचा अभ्यासविषय एकच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. मराठीत हा भेद दिसेनासा होण्याचे एक कारण खुद्द या शब्दातच आहे. 'संवाद' म्हणजे बोलणे आणि 'संवाद' म्हणजे जुळणे. 'संवादी स्वर', 'विसंवाद' ही रूपे दुसऱ्या अर्थाची साक्ष देतात. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या काव्यार्थांतील साम्याला हीच संज्ञा योजली आहे. परिणामी परभाषेतील संकल्पना या शब्दात उतरते तेव्हा तिच्यातील विरोधाचे अंग नकळत झाकले जाते.

बाख्तीनच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. दस्तयेवस्कीवरील त्याच्या ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) संवादात्मतेची सर्वांत तीव्र उदाहरणे सलोख्याची नाहीत. त्यांत छुपा वाद आहे, विडंबन आहे, दुसऱ्याच्या संभाव्य आक्षेपाकडे तिरप्या नजरेने पाहत उच्चारलेला शब्द आहे. दस्तयेवस्कीच्या तळघरातील माणसापुढे प्रत्यक्ष श्रोता कोणीच नाही. तरीही त्याचे प्रत्येक वाक्य अनुपस्थित प्रतिपक्षाने वाकविलेले आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ साली मांडलेल्या बोलण्याच्या पाळीच्या नियमांनी पाहू गेल्यास येथे संभाषणच नाही, कारण पाळी बदलत नाही. एका शास्त्राला जेथे काहीच सापडत नाही, तेथेच दुसऱ्याला आपला विषय पूर्णत्वाने भेटतो.

ग्राइसच्या सहकार्याच्या तत्त्वाचेही असेच सौम्यीकरण होते. १९६७ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांतून मांडलेले आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेले हे तत्त्व मतैक्याचा आग्रह धरीत नाही. कडाक्याने भांडणारे दोघेही एकमेकांच्या बोलण्याचा रोख गृहीत धरूनच भांडतात. ग्राइसला अभिप्रेत सहकार्य इतकेच. संभाषणविश्लेषकांनी या प्रश्नाची अधिक बारकाईने तपासणी केली. होकार सामान्यतः तत्काळ आणि थोडक्यात येतो. नकारापूर्वी विराम असतो, प्रस्तावना असते, सबब असते. परंतु पॉमेरान्ट्झ यांनी १९८४ मध्ये दाखविल्याप्रमाणे, वक्ता स्वतःला उणे लेखतो तेव्हा हा क्रम उलटतो. 'जेवायला काही विशेष केलेलं नाही' असे म्हणणाऱ्या यजमानिणीला 'खरंच की' असे उत्तर देणारा पाहुणा सहमत होऊनच अपमान करतो. असहमतीचेही रीतसर व्याकरण असते, हे या अभ्यासाचे मोठे फलित आहे. तत्त्वज्ञांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

घेतली असती, तर एप्रिल १९८१ मध्ये पॅरिसच्या गटे इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या गाडामर–देरिदा भेटीचे वाचन निराळे झाले असते. गाडामर यांच्या मते आकलन हेच संवादरूप असते आणि समजून घेण्याची सदिच्छा त्याची पूर्वअट असते. देरिदा यांनी प्रत्युत्तरादाखल मोजकेच प्रश्न विचारले. त्यांतील पहिला या सदिच्छेवरच रोखलेला होता. इच्छेला असे मूलस्थानी बसविणे म्हणजे जुन्या तत्त्वमीमांसेकडे परतणे नव्हे काय, असा त्याचा आशय होता. गाडामर यांनी हे प्रश्न समजून घेणे अवघड जाते असे सांगून, प्रश्न विचारणाराही आपण समजले जावे असेच इच्छितो, असे उत्तर दिले. उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड असले, तरी प्रतिपक्षाच्या नकाराचे रूपांतर ते परस्पर संमतीत करून टाकते. या भेटीला 'न घडलेला संवाद' म्हणणारे भाष्यकार गाडामर यांचीच व्याख्या आधी मान्य करून बसलेले असतात.

येथे न्यायदर्शनातील वाद, जल्प आणि वितंडा ही विभागणी उपयोगी पडते. तत्त्वनिर्णयासाठी चालणाऱ्या वादातही पक्ष-प्रतिपक्ष अनिवार्य आहेत. वितंडेत प्रतिपक्षाची स्थापना नसते, केवळ खंडन असते. तरीही कथेच्या तीन प्रकारांत तिची गणना होते. इतकेच नव्हे, तर तत्त्वरक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचा आश्रय न्यायसूत्रे मान्य करतात आणि त्यांना रोपट्यांभोवतीच्या काटेरी कुंपणाची उपमा देतात. मराठीत 'वितंडवाद' हा निव्वळ निंदाव्यंजक शब्द होऊन बसल्यामुळे ही सोय आपण गमावली आहे. देरिदा यांच्या प्रश्नांना वितंडा म्हटल्याने त्यांची हेटाळणी होत नाही. उलट संवादविचाराच्या आत त्यांना नेमके स्थान मिळते.

त्या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र कोणत्याच वर्गीकरणात नीट बसत नाही. गाडामर २००२ च्या मार्चमध्ये निवर्तले. २००३ च्या फेब्रुवारीत हायडेलबर्ग येथे त्यांच्या स्मरणार्थ बोलताना देरिदा यांनी पाउल सेलान यांची एक कविता वाचावयास घेतली. गाडामर यांनी १९७३ साली ज्या कवीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, तोच हा कवी. बावीस वर्षांच्या विरामानंतर आलेल्या या पाळीत १९८१ चा नकार मागे घेतलेला नाही, आणि अखंड संवादाची भाषा मात्र आहे.