बॅडनेस दहा हजार

संगणकावर लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला वर्डवाल्यांचा. पडद्यावर दिसते तेच कागदावर उतरते, ही त्यांची श्रद्धा. उल्हासनगरापासून बदलापुरापर्यंत सोसायट्यांचे अहवाल याच पंथात जन्म घेतात. शिकायला सोपा, यात वाद नाही. पण अध्यक्षांचा फोटो सूतभर सरकवावा, तर ताळेबंद उडी मारून पुढच्या पानावर!

दुसरा पंथ 'टेक'चा. इथे मजकुरातच सूचना लिहायच्या, हा मथळा, ही तळटीप. मांडणीचे यंत्र बघते. मूळपुरुष डोनाल्ड क्नुथ. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाची प्रुफे पाहून गृहस्थांचे डोके फिरले. आपला लेखक छापखान्यात जाऊन भांडला असता आणि चहा पिऊन परतला असता. यांनी अक्षरजुळणीची विद्याच नव्याने रचली. चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक. आणि लोक तो न वटवता भिंतीवर लावत. असे खातेदार आमच्या काउंटरला कधी लाभणार?

टेकचा स्वभाव मात्र खडूस. ओळीत शब्द मावला नाही, तर 'ओव्हरफुल' म्हणून किती जास्त झाले तेवढे सांगतो. ओळ फार विरळ झाली, तर मात्र 'बॅडनेस १००००'! गर्दीला नुसता शेरा आणि मोकळ्या जागेला दहा हजार, हा हिशेब सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कुणाला पटवून दाखवावा.

तरीही माझे मत टेकला. आमचे सासरे अंबरनाथच्या एका शाळेतून निवृत्त झाले आणि १९९८ साली त्यांनी आठवणी वर्डमध्ये टाइप करून घेतल्या. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. आज सासरे नाहीत, तो फॉन्टही नाही. फाइल उघडते आणि पडद्यावर नुसता चिन्हांचा चिवडा. दोष फॉन्टचा, वर्डचा नव्हे, हे कबूल. पण फ्रान्स फेल्टहाउस या डच माणसाने १९९१ साली टेकसाठी देवनागरीची सोय केली, तीत मराठी उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये लिहायची होती. त्या फायली आज कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फॉन्टशिवाय वाचता येतात. दिसायला ओबडधोबड, पण शब्द जागच्या जागी.

सौ. सध्या वडिलांच्या एकुलत्या एक छापील प्रतीवरून सगळे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करते आहे. रोज रात्री एक पान. सासरेबुवा अजून मॅट्रिकला बसायचे आहेत.