गुण संख्येचा की लेखनाचा?

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते गावाचा पिनकोड ४१३१०९. हा झाला टपालाचा पत्ता. पण त्याकडे नुसती एक मोठी पूर्ण संख्या म्हणून पाहिले, तर संख्यांची वर्गवारी कशाच्या आधारे करावी, या प्रश्नाला हात घालता येतो.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा वर्गवारीचा ध्यास घेतला होता. त्यांच्या रीतीने पाहू. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज १८. या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला असता, तर ती ‘हर्षद’ ठरली असती. पण विषम संख्येला १८ ने भाग जाणार कसा? आता दुसरी कसोटी. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. ४१३१०० + ९ = ४१३१०९ आणि ४१३०९१ + १८ = ४१३१०९. म्हणजे जनक दोन! अशा संख्येला कापरेकर ‘जंक्शन’ म्हणत. २० सारखी जनक नसलेली संख्या ती ‘स्वयंभू’.

याच संख्येचे मूळ अवयव ३ × ३ × १९७ × २३३. ती दोन वर्गांची बेरीज आहे, तीही दोन प्रकारे : ५२२ व ३७५ यांचे वर्ग, किंवा ५७० व २९७ यांचे वर्ग.

गणिताच्या गमती सांगणारे लेखन हे दोन्ही गुण एकाच माळेत ओवते. माझा आक्षेप आहे तो इथे. तितकेच खडे मांडले तर अवयव आणि वर्ग तेच राहतील. पण अष्टमान पद्धतीत ही संख्या १४४६६६५ अशी लिहिली जाते आणि तिथे तिला जनक उरतो एकच : आपल्या दशमानातील ४१३०७९. पहिला गुण लेखनपद्धतीचा, दुसरा संख्येचा.

मग पहिला गुण टाकाऊ का? हार्डी या ब्रिटिश गणितज्ञाने १९४० मध्ये अशा अंकाधारित नवलांना कोड्यांच्या सदरात बसवले. त्यांत खोली नसते, हे त्याचे म्हणणे पुष्कळदा खरे असते, नेहमी नव्हे. दशमानात लागोपाठ २१ हर्षद संख्या असूच शकत नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. ही गंमत नाही, सिद्धता आहे.

दोष कापरेकरांच्या विषयात नाही, ‘काय आश्चर्य!’ म्हणून थांबणाऱ्या आपल्या मांडणीत आहे. ४१३०९१ वरून ४१३१०० वर जाताना संख्या ९ ने वाढते, अंकांची बेरीज ९ ने घटते. म्हणून दोघांची पोच एकच. हे कारण सातवीतला मुलगाही शोधू शकतो. वर्गात आपापल्या गावाचे पिनकोड तपासायला द्या. गुण सापडला की दोन प्रश्न जरूर विचारा : असे का झाले? आणि लिहिण्याची पद्धत बदलली तर हे टिकेल का?