सामायिक म्हणी आणि शेजारभाषेचे अध्ययन : मराठी-छत्तीसगढी संबंधाचा तौलनिक विचार

भिलाईतील वास्तव्यात छत्तीसगढी शिकण्याचा प्रयत्न करीत असताना एका प्रसंगी मी ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ या मराठी म्हणीचे शब्दशः रूपांतर करून ते बाजारातील एका भाजीवालीला ऐकविले. वाक्य तिला कळले. पण ती म्हण आहे असे काही तिला वाटले नाही. क्षणभर थांबून ती म्हणाली, ‘बोकरा के जीव जाय, खवइया ल अलोना.’ तिने माझे वाक्य दुरुस्त केले नाही, तर त्याच्या जागी तिच्या भाषेत आधीपासून असलेले दुसरे वाक्य ठेवले. प्रस्तुत निबंधाचा विषय या दोन वाक्यांमधील अंतर हा आहे.

छत्तीसगढीत म्हणीला ‘हाना’ म्हणतात. मराठी आणि छत्तीसगढी यांच्यात अशा म्हणींचा साठा बराच सामायिक आहे. ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ याला ‘अपन मरे बिन सरग नइ दिखय’ हा हाना जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. ‘कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही’ याच्या शेजारी ‘कउँवा के रटे ले ढोर नइ मरय’ हा हाना ठेवता येतो. अशी साम्ये दिसली की अभ्यासकाचा पहिला मोह ती आपल्या घरून तिकडे गेली असे मानण्याचा असतो. या मोहाला इतिहासाचा आधारही सापडतो. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढात प्रवेश झाला, १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशाचा नागपूरशी राजकीय संबंध राहिला. परंतु राज्यकर्ते आले म्हणून म्हणीही त्यांच्याबरोबर आल्या, असा निष्कर्ष काढणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने घाईचे ठरते.

या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा आहे, हे हाइनरिख ह्यूब्शमान यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत तिच्यातील इराणी शब्दांच्या विपुलतेमुळे ती इराणी शाखेतीलच मानली जाई. तुर्कीचे कूळ तर सर्वस्वी निराळे. तरीही आर्मेनियन शिकणाऱ्या तुर्की भाषकाला आणि तुर्की शिकणाऱ्या आर्मेनियनाला पानोपानी ओळखीच्या म्हणी भेटतात. उपाशी कोंबडीला स्वप्नात दाणे दिसतात, ही म्हण दोन्हीकडे आहे; तुर्की रूपात ती कोंबडी स्वतःला धान्याच्या कोठारातच पाहते. येथे समान वारशाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण कूळच वेगळे आहे. उरतो तो दीर्घ सहवास, किंवा दोहोंनी तिसऱ्या एखाद्या भाषेकडून घेण्याची शक्यता. हा सहवास किती दाट होता याची साक्ष आर्मेनियन लिपीत लिहिल्या गेलेल्या तुर्की ग्रंथांत मिळते; वार्तान पाशा यांची १८५१ मधील ‘अकाबी हिकायेसी’ ही कादंबरी त्यांपैकीच एक. पण १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांचा जो संहार झाला, तो या सामायिक म्हणींनी टळला नाही. सामायिक म्हण सहजीवनाची साक्ष देते. ते सहजीवन समतेचे किंवा स्नेहाचे होते, अशी साक्ष ती देत नाही. तौलनिक अभ्यासाने हा भेद सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मराठी-छत्तीसगढीचे प्रकरण याहून अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण दोन्ही भाषा भारतीय आर्य कुळातील आहेत. येथे समान वारसा, प्रत्यक्ष संपर्क आणि हिंदीसारख्या तिसऱ्या भाषेची मध्यस्थी, ही तिन्ही कारणे एकाच वेळी शक्य असतात. कावळ्याची म्हण हिंदीत ‘कौवों के कोसे ढोर नहीं मरते’ अशी आहे. छत्तीसगढी हान्यातील ‘ढोर’ हा शब्द हिंदी रूपाशी जुळतो, मराठी ‘गाय’शी नाही. एवढ्या एका शब्दावरून भोसलेकालीन आयातीचा दावा दुबळा होतो. म्हणजे साम्यापेक्षा साम्याच्या आतला फरक अधिक बोलका असतो.

आता बोकडाकडे वळू. हिंदीत या म्हणीतला जीव कोंबडीचा आहे आणि तक्रार नुसती चवीची आहे. मराठीत शेळी आहे आणि तक्रार ‘वातड’ अशी आहे. छत्तीसगढीत बोकड आहे आणि तक्रार ‘अलोना’, म्हणजे मीठ नसल्याची आहे. तिन्ही म्हणींचा सांगाडा एक आहे : एकाचे सर्वस्व जाते आणि दुसऱ्याला त्यात उणीव दिसते. पण दोष कोणाच्या माथी येतो, हे पाहिले तर म्हणी वेगळ्या होतात. ‘वातड’ हा मांसाचा गुण आहे. म्हणजे मराठीत मेलेली शेळीच पुन्हा अपराधी ठरते. ‘अलोना’ हा रांधण्याचा दोष आहे. छत्तीसगढीत बोकड निर्दोष राहतो आणि खाणाऱ्याचा कृतघ्नपणा अधिक उघडा पडतो, कारण चिमूटभर मिठाने भागले असते. हा फरक कोणत्याही शब्दकोशात नोंदवलेला नसतो आणि भाषा शिकणाऱ्याने शिकायचा असतो तो नेमका हाच.

दुसरे उदाहरण स्वप्नाचे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही मराठी म्हण मनाविषयी सामान्य विधान करते. छत्तीसगढी हाना म्हणतो, ‘ररुहा सपनाय दार-भात’ : भुकेने वखवखलेल्याला वरणभाताचे स्वप्न पडते. येथे मराठी छत्तीसगढीची शेजारीण असूनही दूर राहते आणि आर्मेनियन-तुर्की कोंबडी मात्र हजारो मैलांवरून छत्तीसगढी ररुहाच्या पंगतीला येऊन बसते. यांत परस्परसंपर्काचा पुरावा कोणी शोधणार नाही. समान अनुभव स्वतंत्रपणे समान प्रतिमा निर्माण करू शकतो, हे मान्य केल्यावर शेजारभाषांतील प्रत्येक साम्याला उसनवारी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. मराठीत ही एक म्हण भुकेपासून सुटून तत्त्वज्ञानाकडे झुकली आहे, एवढेच या तुलनेतून म्हणता येते.

व्याकरणाच्या पातळीवरही असाच फसवा आपलेपणा आहे. ‘मोला’, ‘तोला’ ही छत्तीसगढी रूपे ऐकताच मराठी माणसाला ‘मला’, ‘तुला’ आठवतात आणि भाषा अर्धी आल्यासारखे वाटते. पण क्रियापदाशी येताच पाय घसरतो. ‘शेळी जाते’ म्हणताना मराठी क्रियापद लिंग सांगते. छत्तीसगढीचे ‘जाय’, ‘दिखय’, ‘मरय’ लिंगाविषयी मौन पाळते. मराठी शिकाऊ तेथे लिंग शोधत राहतो. जेथे ओळख पटते तेथे चूक होण्याची शक्यता सर्वाधिक असते, हा शेजारभाषेच्या अध्ययनाचा सामान्य नियमच म्हणावा लागेल. ह्याच अवस्थेला उद्देशून जणू एक हाना आहे : ‘आँजत-आँजत कानी होगे’, काजळ घालता घालता डोळाच गेला. आपल्याकडे यासाठी गणपती करायला जावे आणि मारुती व्हावा लागतो.

भिलाईच्या संदर्भात या विवेचनाला सामाजिक बाजू आहे. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. त्यांनी घरात मराठी राखली आणि बाहेर हिंदी स्वीकारली. भोवतालच्या गावांची छत्तीसगढी बहुधा ऐकण्यापुरतीच राहिली. याला जुनी परंपरा आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. त्यांचे कार्य थोर आहे. पण छत्तीसगढातील मराठी लेखणीची वाट हिंदीकडे गेली, हेही त्यातून दिसते. हीरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढी व्याकरण ग्रिअर्सन यांनी १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले, राज्याने २००७ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले, तरी २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे १ कोटी ६२ लाख भाषक हिंदीच्या रकान्यातच मोजले गेले. अशा भाषेतील म्हणींना ‘मूळच्या आमच्या’ म्हणणे हे निरुपद्रवी पांडित्य राहत नाही. जी भाषा एका मोठ्या भाषेच्या पोटात मोजली जाते, तिच्यावर दुसऱ्या भाषेचा हक्क सांगणे असा त्याचा अर्थ होतो.

म्हणीसंग्रहांची आपली परंपरा येथे अपुरी पडते. मॅनवेरिंग यांचा १८९९ मधील संग्रह मराठी म्हणी विषयवार लावतो. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश अर्थ विशद करतो. दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु म्हण कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी ऐकवली याची नोंद नसल्यास तुलना ही केवळ याद्यांची तुलना होते. ‘बोकरा के जीव जाय’ हे खवैयाने म्हटले तर विनोद होतो, बोकड गमावलेल्याने म्हटले तर फिर्याद होते.

तात्पर्य, सामायिक म्हण हा दोन भाषांमधील दरवाजा आहे, मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे. त्या भाजीवालीने माझे ‘वातड’ बाजूला ठेवून मला ‘अलोना’ दिला, तेव्हा तिने तिच्या भाषेची सीमा दाखवली आणि तिच्या आत येण्याची वाटही. शेजारभाषेचे अध्ययन या दोहोंचा एकत्र स्वीकार केल्याशिवाय होत नाही. आणि तेही, अर्थात, आपण मेल्याशिवाय दिसणारा स्वर्ग नव्हे.