न्हाणीघर : पाहण्याचे की न्हाण्याचे?

घर नव्याने सजवावयास निघालेला गृहस्थ पूर्वी ओटी, माजघर आणि देवघर यांचा विचार आधी करी. हल्ली तो न्हाणीघरापासून आरंभ करतो. यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. ज्या खोलीत माणसाचा दिवस उजाडतो आणि जिच्यात तो दिवसातून एकदा तरी पूर्णपणे एकटा असतो, ती सुखद असावी, तिच्यात थोडा विलासही असावा, ही इच्छा रास्त आहे. आमच्या मागील पिढ्यांनी ही खोली घराच्या परसाकडे, धुरात आणि अंधारात ढकलून ठेवली, म्हणून त्यांच्या पदरी विशेष पुण्य पडले असेही आम्ही मानीत नाही. आमचा आक्षेप विलासाला नाही; विलासाची जी कल्पना आज सर्वत्र रूढ होत आहे, तिला आहे. छतातून कोसळणारी कृत्रिम पर्जन्यधारा, काचेची भिंत, आरशासारखी फरशी, कोनाड्यात दडविलेले दिवे आणि कोपऱ्यात एक बांबूचे रोप हे तिचे ठरीव साहित्य. हे रूप घरातून आलेले नाही, हॉटेलातून आलेले आहे. हॉटेलातील खोली एका रात्रीच्या पाहुण्यासाठी असते. त्या पाहुण्याला तेथे म्हातारे व्हावयाचे नसते, आजारी पडावयाचे नसते आणि दुसऱ्या दिवशी फरशीही पुसावयाची नसते.

या प्रश्नाचा विचार करताना परस्परांपासून अत्यंत दूरची दोन पुस्तके समोर ठेवावी असे आम्हांस वाटते. पहिले जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांचा 1933 मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेला, छायेची थोरवी गाणारा दीर्घ निबंध. दुसरे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांचा 1966 चा न्हाणीघरावरील ग्रंथ, ज्याची वाढविलेली आवृत्ती 1976 मध्ये निघाली. एक कवीच्या वृत्तीने लिहिलेले, दुसरे हातात मोजपट्टी घेऊन. आजच्या गृहसजावटीवर पहिल्याची छाप पुष्कळ दिसते. दुसऱ्याची जवळजवळ नाही. आमच्या मते हीच सारी चूक आहे.

तानिझाकींचा निबंध घर बांधण्याच्या अडचणींपासूनच सुरू होतो. विजेच्या तारा कोठे लपवाव्या, कागदी सरकदारांना काच लावावी की काय, अशा व्यावहारिक कटकटींतून ते पाहता पाहता शौचगृहाशी येतात, आणि तेथे त्यांची लेखणी खुलते. मुख्य घरापासून अलग, पानांच्या आणि शेवाळाच्या वासात उभी असलेली ती लाकडी खोली. कागदातून गाळून येणारा मंद उजेड. बाहेर पावसाची टपटप. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीचा आणि झगझगीत धातूचा त्यांना तिटकारा आहे. आपल्या घरात त्यांनी टाइल टाळून कापराच्या लाकडाची जमीन केली, हेही ते सांगतात. ओंगळ समजल्या गेलेल्या जागेला इतके सौम्य आणि सभ्य स्थान देणारे दुसरे लेखन क्वचितच आढळेल. त्याची मोहिनी आम्ही नाकारीत नाही.

तथापि मोहिनी हा पुरावा नव्हे. साक्षीदार स्वतःच एक गोष्ट कबूल करतात : लाकडी खोलीत मळ लपत नाही, स्वच्छता राखणे कठीण जाते, आणि शेवटी टाइल व पाण्याने धुतले जाणारे भांडेच आरोग्याच्या दृष्टीने बरे पडते, मग रसिकतेचा बळी जावो. जुन्या वस्तूंवर कालांतराने जी झळाळी चढते ती मूलतः हाताच्या मळाचीच असते, हेही ते लपवीत नाहीत. ज्या समाजात शौच आणि सोवळे यांचे विचार रोजच्या आचारात मुरलेले आहेत, त्याला हे सौंदर्य सहजी पचणार नाही. आणि ती निर्मळ निःशब्दता राखण्यासाठी पहाटे उठून ती खोली कोण पुसत असे, याविषयी निबंधात चौकशी नाही. आमच्या देशात तर या प्रश्नाला जातीचे नाव होते. माणसाकडून मैला वाहविण्यावर बंदी घालावयास 1993 चा आणि पुन्हा 2013 चा, असे दोन कायदे करावे लागले, हे ज्याच्या ध्यानात आहे त्याला अंधाऱ्या शौचकूपाचे काव्य बेतानेच भावते.

सर्वांत मोलाची साक्ष तर निबंधाच्या बाहेर आहे. इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या उत्तरलेखात तानिझाकींच्या पत्नीने सांगितलेली एक आठवण दिलेली आहे. तानिझाकींना नवे घर बांधावयाचे होते. वास्तुशिल्पी मोठ्या अभिमानाने म्हणाला की, आपला तो निबंध मी वाचला आहे, तेव्हा आपणांस काय हवे ते मला नेमके ठाऊक आहे. त्यावर तानिझाकी उत्तरले की, छे, तसल्या घरात मला राहताच येणार नाही! उलटतपासणीत याहून अनुकूल उत्तर कोणत्या वकिलाला मिळाले असेल? निबंध खोटा आहे असे यावरून ठरत नाही. पाहण्याची खोली आणि राहण्याची खोली या दोन वस्तू आहेत, हे मात्र ठरते. आज मंद दिवे आणि लाकडाचा आभास देणारी टाइल लावून जे न्हाणीघर 'निवांत' केले जाते, त्याने त्या निबंधातून छाया उचलली आणि कबुलीजबाब मागे ठेवला.

किरा यांच्या ग्रंथात काव्याचा लवलेश नाही. मनुष्य हात कसे धुतो, तोंड धुताना किती वाकतो, टबात उतरताना तोल कोठे जातो, उठताना हात कशाचा आधार शोधतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहून मोजले. निष्कर्ष असा की, रूढ उपकरणे माणसाच्या शरीरासाठी बनलेलीच नाहीत. ती कारखान्याची आणि नळकाऱ्याची सोय पाहतात. तोंड धुण्याचे भांडे इतके खाली की पाठीला बाक यावा. शॉवरची चावी अशा ठिकाणी की गार किंवा कढत धार अंगावर घेतल्यावाचून ती फिरविता येऊ नये. टब गुळगुळीत, त्याचा काठ उंच, आणि धरावयास काही नाही. शौचाला उकिडवे बसणे हे शरीरधर्माला अधिक अनुकूल, हेही त्यांनी त्या देशात निःसंकोच लिहिले. आमच्याकडे मात्र त्याच सुमारास उकिडवे बसणे गावंढळपणाचे मानले जाऊ लागले होते. ग्रंथ रूक्ष आहे, पुनरुक्तीही त्यात पुष्कळ आहे, परंतु त्याच्या पानापानांत मानवी शरीराविषयी एक आस्था आहे, ती तानिझाकींच्या निबंधात नाही. घसरणाऱ्या माणसाची काळजी ही आमच्या दृष्टीने सौंदर्यविचाराबाहेरची गोष्ट नव्हे.

घसरणे ही क्षुल्लक बाबही नव्हे. जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे पडून मृत्यू पावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात वृद्धांचा भरणा अधिक. आमच्या परिचयाच्या एका घरी मोठ्या खर्चाने नवे न्हाणीघर झाले. येणारा-जाणारा त्याची वाखाणणी करी. घरातील आजी मात्र त्या दिवसापासून एकटी न्हाणीघरात जाईना. चकाकणाऱ्या जमिनीवर पाणी कोठे आहे ते तिला दिसत नसे, आणि काचेच्या भिंतीवर तिला हात टेकता येत नसे. साठ वर्षे जी बाई पहाटे सर्वांआधी न्हाऊन देवाला फुले वाही, तिला आता सुनेला वेळ होईपर्यंत थांबावे लागे. भिंतीला एक दांडी बसवावी असे सुचविले, तेव्हा घरधनी म्हणाला, "नको, मग इस्पितळासारखे दिसेल."

'इस्पितळासारखे' हा शब्द आम्ही त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकला, आणि दर वेळी आम्हांस जकूझीची कथा आठवली. पाण्यात भोवरे उठविणारा तो टब आज ऐश्वर्याची परिसीमा मानला जातो. त्याचा जन्म कोठे झाला? कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या इटालियन जकूझी बंधूंचा पंपांचा कारखाना होता. त्यांपैकी एकाच्या, कँडिडोच्या, मुलाला बालपणीच संधिवाताने गाठले. त्याला इस्पितळात जलोपचाराने आराम पडे, तो घरच्या टबातही मिळावा म्हणून बापाने पाण्यात सोडण्याजोगा पंप तयार करविला. 1956 मध्ये तो बाजारात आला. भोवऱ्याची यंत्रणा अंगातच असलेला टब त्याच कुटुंबातील रॉय जकूझीने 1968 मध्ये काढला, आणि पुढे श्रीमंतांनी तो उचलला. म्हणजे आज ज्याला आम्ही विलास म्हणतो, ते एका दुखणाईत मुलाचे औषध होते. तो टब इस्पितळासारखा दिसत नाही आणि पंधरा इंचांची एक दांडी तेवढी दिसते, हा केवळ किमतीचा प्रभाव आहे.

आता आमच्या जुन्या न्हाणीकडे वळू. गोव्यातील घरात चुलीवर पक्के बसविलेले तांब्याचे भाण, त्याखाली नारळाची सोडणे आणि माडाची सुकी चुडते, बाजूला थंड पाण्याची दगडी दोण, बसावयास दगड किंवा पाट. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाड्यांत भाणाच्या जागी बंब आणि घंगाळ आले, एवढाच फरक. धूर होता, उजेड बेताचा होता, आणि विहिरीचे पाणी ओढून भाण भरणारे हात बहुधा घरच्या बायकांचे होते. ते दिवस परत यावेत असे आम्ही सुचवीत नाही. परंतु त्या न्हाणीत तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. माणूस बसून न्हाई, म्हणून पडत नसे. जमीन खडबडीत आणि उताराची होती. पाणी थबकत नसे, ते थेट केळीच्या आळ्यात जाई. आणि शौचाची जागा न्हाणीपासून वेगळी होती. आजचे काचेचे तावदान ओला भाग आणि कोरडा भाग वेगळे करू पाहते. जुन्या घराने ते काम अंतराने साधले होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचे उदाहरण घ्या. अंगाला तेल चोपडलेले, वर उटणे, मुले ओळीने बसलेली, पायाच्या अंगठ्याने कारीट फुटलेले. त्या दिवशी जो निवांतपणा आणि जी चैन आम्ही अनुभवितो, तिच्यासाठी काय लागते? भरपूर ऊन पाणी, बसावयास आसन, आणि तेल सांडले तरी पाय न सुटेल अशी जमीन. झिलईदार विट्रिफाइड टाइलीवर हा सोहळा करून पाहावा. पुष्कळ नव्या घरांत तो वर्षातून एकदा मागील अंगणात किंवा गच्चीवरील नळाशी उरकला जातो, कारण लाखो रुपयांच्या न्हाणीघरात त्याला जागाच नाही!

पाण्याचा हिशेबही असाच पाहण्याजोगा आहे. राष्ट्रीय मानकाने शहरी माणसास दिवसाकाठी 135 लिटर पाणी धरले आहे, आणि एका साधारण टबाला भरावयास जवळजवळ तेवढेच लागते. बादलीभर स्नान पंधरा-वीस लिटरांत होते. अमेरिकेसारख्या सधन देशानेही 1992 च्या कायद्याने शॉवरच्या धारेवर मिनिटास सुमारे साडेनऊ लिटरांची मर्यादा घातली. उन्हाळ्यात जेथे टँकरची वाट पाहावी लागते, तेथे छतातली पर्जन्यधारा हे एक महागडे शोभेचे चक्र होऊन बसते. बंगलोरातील असो वा म्हापशातील, टब विकत घेणारे बहुतेक लोक तो पहिल्या महिन्यात दोनदा भरतात आणि मग त्यात भिजवावयाचे कपडे ठेवतात.

दिसत नाही अशा खर्चाविषयी एक शब्द. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद आहे. त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यात बसविल्या असून भिंतीमागे डांबराचा थर दिलेला आहे. तेथील सामान्य घरांतही न्हाण्याचे उतरते ओटे आणि मोऱ्या सापडल्या. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्याला पाणी अडविण्याची जी चिंता होती, ती आजच्या सजावटीत टाइलीच्या रंगानंतर येते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर खालच्या घराच्या छतातून ठिबकू लागले की दोन शेजारी आमच्यासारख्यांच्या कचेरीत येऊन बसतात. एक जण ओल्या भिंतीची छायाचित्रे आणतो, दुसरा आपल्या इटालियन संगमरवराची पावती. त्या पावतीवर जलरोधक लेपाची ओळ शोधून सापडत नाही.

कायद्याची मदत येथे थोडीच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक इमारतींना सुगम करावयास सांगतो. खाजगी घराच्या आतील दांडीविषयी तो काही बोलत नाही, आणि बोलू नये हेच इष्ट. राष्ट्रीय इमारत संहिता न्हाणीघरास किमान 1.8 चौरस मीटर आणि शौचकूपासह असल्यास 2.8 चौरस मीटर जागा सांगून थांबते. तेवढ्या जागेतही बसावयास दगडी बाक, दोन भिंतींना दोन दांड्या, खडबडीत फरशी, बाहेरून उघडता येईल अशी कडी आणि खरी हवा येईल अशी खिडकी एवढे मावते. त्यात पितळेची सुरेख दांडी बसविली तर रसिकतेचाही बळी जात नाही.

किरा यांनी मोजले ते मुख्यतः टबात पडून अथवा शॉवरखाली उभे राहून न्हाणारे अमेरिकन शरीर. पाटावर बसलेल्या माणसाचा गुडघा कोणत्या कोनात असतो, भरलेली बादली कोणत्या उंचीवर ठेवली असता सत्तर वर्षांच्या बाईच्या मनगटाला तांब्या जड होत नाही, तेल लावताना पाठ कशाला टेकवावी, याची मोजणी करणारा तसा ग्रंथ आमच्या भाषांत अद्याप लिहिला जावयाचा आहे. आमच्याकडील वास्तुशास्त्राच्या विद्यालयांतून एखाद्या तरुणाने मोजपट्टी घेऊन हे काम अंगावर घ्यावे. न्हाण्या अजून पुष्कळ गावांत उभ्या आहेत आणि त्यांत बसून न्हाणाऱ्या आज्याही आहेत.