'राजी' आणि तिचे परीक्षक

समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव वाटसरूंना ठाऊक आहे ते मुख्यतः रस्त्यांमुळे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता आणि चंद्रपूरकडे वळणारा रस्ता येथे एकमेकांपासून फुटतात. ह्या गावी आमच्या भगिनीच्या घरी उन्हाळ्यात चार दिवस राहण्याचा योग आला. वऱ्हाड-नागपूरकडील वैशाखातली दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांस त्या वेळी घराबाहेर पाऊल का टाकवत नाही हे सांगावयास नको. मुले पडद्यासमोर बसून खेळत आणि आम्ही मागे खुर्ची टाकून पाहत असू. खेळ होता 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम, आणि त्यावरून घरात जो वाद माजला, तोच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

थोरला भाचा नागपुरास अभियांत्रिकी शिकतो. त्याने पाचच मिनिटे पाहून निकाल दिला : "मामा, हे तर कार्टून आहे. लहान मुलांचा खेळ!" त्याच्या धाकट्या चुलतभावास हे मुळीच सहन झाले नाही. "आपल्या देवांवरचा खेळ आहे, आपल्या पुण्यात केलेला आहे. त्याला नावे ठेवायची नाहीत," असे तो तावातावाने म्हणाला. प्रत्यक्ष खेळत होती ती मात्र धाकटी भाची. तिने ह्या दोघांकडे लक्षही दिले नाही. पुढे ह्या खेळाविषयी इतर खेळणाऱ्यांची मते आम्ही जिज्ञासेने ऐकली व वाचली, तेव्हा असे आढळले की जामच्या त्या ओसरीवर जे दोन पक्ष होते, तेच थोड्याफार फरकाने सर्वत्र आहेत. हे दोन्ही पक्ष खेळाची परीक्षा करीतच नाहीत, आणि त्यांच्या गलबल्यात खऱ्या परीक्षकाचा आवाज बुडून जातो, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम खेळाची ओळख करून देणे अवश्य आहे. 'राजी' हा पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या छोट्या मंडळीने रचलेला खेळ. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीने भांडवल उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम 'निन्टेन्डो स्विच' ह्या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संगणकावर व इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स' ह्या जागतिक पारितोषिकांत त्या वर्षीच्या उत्कृष्ट पदार्पणासाठी ज्या पाच खेळांची नावे निवडली गेली, त्यांत ह्याचे नाव होते. कथानक साधे आहे. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळात कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावास, गोलूस, असुर पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती महाबलासुराच्या शोधार्थ निघते. दुर्गा आणि विष्णू हे तिचा प्रवास वरून पाहत असतात व त्यावर परस्परांशी बोलत असतात. रंगांची योजना पहाडी लघुचित्रांवरून घेतलेली, वाडे व गड राजस्थानच्या धर्तीचे, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने दाखविलेले आहेत.

आता पहिल्या पक्षाचा विचार करू. 'कार्टून आहे, म्हणून पोरकट आहे' हा आक्षेप नवा नाही. त्याचा सर्वांत गाजलेला दाखला जपानातला आहे. 'द लेजंड ऑफ झेल्डा' ह्या अद्भुतरम्य साहसमालेचा पुढील भाग कसा असेल ह्याची चुणूक म्हणून ऑगस्ट २००० मध्ये निन्टेन्डो कंपनीने एक लहानसे दृश्य दाखविले होते. त्यातील तलवारयुद्ध हुबेहूब खऱ्या माणसांचे वाटावे असे होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००१ मध्ये, प्रत्यक्ष खेळाचे रूप प्रकट झाले आणि नायक लिंक हा मोठ्या डोळ्यांचा, आखूड पायांचा, व्यंगचित्रपटातून उतरल्यासारखा पोरगा निघाला. ह्या पद्धतीस 'सेल-शेडिंग' म्हणतात. छाया व प्रकाश एकमेकांत हळूहळू विरघळू न देता त्यांचे दोन-तीन ठळक पट्टे पाडावयाचे, म्हणजे आकृती हाताने रंगविलेल्या चित्रासारखी दिसते. चाहते खवळले. 'झेल्डा'ची मोडतोड करून त्यांनी ह्या खेळास 'सेल्डा' असे कुत्सित नाव ठेवले. 'द विंड वेकर' हा तो खेळ जपानात डिसेंबर २००२ मध्ये आणि अमेरिकेत मार्च २००३ मध्ये विक्रीस आला. म्हणजे खेळ हाती पडण्यापूर्वी सव्वा-दीड वर्ष त्याच्या नावाने खडे फोडण्याचे काम चालले होते.

खेळ हाती आल्यावर काय झाले? 'फामित्सु' ह्या जपानी नियतकालिकाच्या चार परीक्षकांनी त्यास चाळीसपैकी चाळीस गुण दिले. ज्या डोळ्यांची टिंगल झाली, त्या डोळ्यांचे काम खेळताना उमगू लागले : लिंक जवळच्या महत्त्वाच्या वस्तूकडे आपोआप पाहतो, आणि खेळणाऱ्यास न बोलता वाट सापडते. वारा पांढऱ्या रेषांनी दिसतो. आणि ज्या खेळाचा सारा व्यवहार शिडाच्या होडीवर व वाऱ्याच्या दिशेवर चालावयाचा, त्यात वारा डोळ्यांस दिसणे ही शोभा नव्हे, सोय आहे. मेलेला शत्रू धुराच्या वेटोळ्यात नाहीसा होतो, म्हणून युद्ध असूनही बीभत्स वाटत नाही. अर्थात चाहत्यांच्या हट्टाचा परिणाम झालाच. अमेरिकेत अपेक्षेइतका खप न झाल्यामुळे त्याच दिग्दर्शकाने, एइजी आओनुमाने, पुढचा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' (२००६) हा खेळ वास्तवाकडे झुकविला. परंतु २०१३ साली 'विंड वेकर' नव्या यंत्रासाठी पुनः निघाला तेव्हा त्याचे स्वागत झाले, आणि २०१७ सालच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने हीच चित्रपद्धती वेगळ्या रूपाने पुढे नेली, तेव्हा कोणी तिला पोरकट म्हटल्याचे आमच्या कानी आले नाही.

ह्यावरून विरोधकांना हसण्याचा मोह होतो; पण ह्या प्रकरणातला खरा बोध निराळाच आहे. 'विंड वेकर' निर्दोष मुळीच नव्हता. समुद्रावरील प्रवास कंटाळवाणा लांबला होता, आणि शेवटाकडे 'ट्रायफोर्स'चे तुकडे गोळा करण्यासाठी नायकास बेटांमागून बेटे हिंडावे लागे. हे दोष खेळ मनापासून खेळलेल्यांनी दाखविले होते. पण डोळे मोठे की लहान ह्या भांडणाच्या गोंगाटात ते मागे पडले. २०१३ च्या आवृत्तीत वेगवान शीड देऊन आणि तो शोध आखडून हेच दोष दूर करण्यात आले. चित्रांची पद्धत मात्र तीच राहिली. निंदकांनी जे बदला म्हटले ते बदलण्याची गरज नव्हती. जे बदलावयास हवे होते, त्याकडे निंदकांचे लक्षच नव्हते.

आमच्या भाच्यासारख्या तरुणांना चित्र खऱ्यासारखे दिसले म्हणजेच ते उत्तम असे का वाटावे? ह्याचे मूळ आपल्या घरांत आहे. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईस छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती हाडामांसाच्या स्त्रियांच्या रूपाने घरोघरी आल्या. त्या चित्रांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्यांची सवय इतकी जडली की त्याआधीची आपली चित्रे आपल्यालाच ओबडधोबड वाटू लागली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथीची पोथी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस तेथील राम-रावणांचे मोठाले डोळे आठवतील. ते डोळे शरीरशास्त्रास धरून नाहीत. पण समोर बसलेल्या श्रोत्यास कोण रागावला आहे आणि कोण भ्यायला आहे हे समजावे, एवढ्यासाठीच ते तसे आहेत. त्याच गावी चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळही चालत आला आहे. २०२१ साली तेथील परशुराम गंगावणे ह्यांस पद्मश्री मिळाली. जी गोष्ट पिंगुळीच्या चित्रकथ्यास कळली होती, तीच जपानातील खेळकर्त्यांस कळली. मग 'राजी'तील छायाबाहुल्या पाहून आपल्या मुलाने 'कार्टून' म्हणून नाक मुरडावे, ह्यात दोष मुलाचा थोडा आणि त्याला पिंगुळी न दाखविणाऱ्या आपला अधिक.

आता दुसरा पक्ष. 'आपला' म्हणून खेळास नावे ठेवू नयेत असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. जगातील खेळांत आपल्या पुराणांचे दर्शन क्वचितच घडते, तेव्हा ते घडले म्हणजे ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे, आमचाही आला. पण ऊर भरून येणे म्हणजे परीक्षा नव्हे. 'राजी' शेवटपर्यंत खेळलेल्यांनी काही गोष्टी वारंवार सांगितल्या आहेत. युद्धाच्या हालचाली बोजड आहेत. पाहण्याचा कोन ठरावीक असल्याने काही ठिकाणी उडी कोठे मारावयाची ह्याचा अंदाज चुकतो. सारा खेळ पाच-सहा तासांत आटोपतो. आणि शेवट ऐन रंगात आला असता कथा एकाएकी तुटल्यासारखी वाटते. ही तक्रार परक्यांनी केली म्हणून ती द्वेषाची ठरत नाही, आणि स्वकीयांनी केली म्हणून द्रोहाची ठरत नाही. ती खरी आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

एका आक्षेपाविषयी मात्र विवेक करणे जरूर आहे. मूळ खेळात देवता इंग्रजी बोलतात, आणि ती हिंदी वळणाची इंग्रजी ऐकून काहींना हसू आले. ह्यावर आपल्याकडील अनेकांनी रागाने उत्तर दिले. आमचे म्हणणे असे की उच्चार हा दोष नव्हेच. दुर्गेने लंडनच्या उच्चारात बोलावे अशी अपेक्षा का करावी? दोष असला तर तो निवेदनात आहे. जे पडद्यावर आपण डोळ्यांनी पाहत असतो, तेच पुनः सांगण्यात ह्या देवता पुष्कळ शब्द खर्च करतात. हा दोष कोणत्याही भाषेत राहता. अपमान झाल्याच्या भावनेने उच्चाराचे समर्थन करता करता आपण निवेदनाचेही समर्थन करून बसलो, आणि वाजवी टीका गैरवाजवी टीकेबरोबर वाहून गेली.

निर्माते मात्र आपल्या भक्तांपेक्षा शहाणे निघाले. २०२२ साली त्यांनी 'राजी'ची सुधारलेली आवृत्ती काढली. तीत पात्रांच्या हालचालींवर नव्याने मेहनत घेतली आणि संपूर्ण हिंदी संवाद घातले. कौतुकाच्या टाळ्यांनी माणसास धीर येतो हे खरे; पण कोठे काय हुकले आहे हे टाळ्यांतून समजत नाही. ज्याचे काम आपण खरोखर मोलाचे मानतो, त्याचे दोष आपण नेमकेपणाने सांगतो. ज्याचे मोल मानीत नाही, त्याच्या पाठीवर थाप मारून आपण मोकळे होतो. पुण्याच्या ह्या मंडळीची योग्यता थाप मारून वाटेस लावण्याइतकी हलकी नाही.

राहता राहिली आमची भाची. तिसऱ्या दिवशी सायंकाळी तिचा खेळ संपला. आम्ही तिला मत विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मामा, भिंतीवरच्या चित्रांपाशी राजीला उभी केली, की देवांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. तिथून हलावेसेच वाटत नाही. खांबांवरून धावताना तर फारच मजा. पण राक्षस पुष्कळ आले, की त्या गर्दीत राजी कुठे आहे तेच दिसत नाही. आणि शेवट... शेवट काही बरोबर नाही. गोलूचे पुढे काय झाले ते नीट सांगायला हवे होते."

मुलीच्या ह्या चार वाक्यांत जे आहे, ते आम्ही वाचलेल्या कित्येक पानी मतांत नव्हते. चित्र कोठे कामास आले आणि कोठे आड आले, हे तिने वेगवेगळे ओळखले. रंगीत भिंतीपाशी थांबले असता जी सजावट मन रमविते, तीच सजावट झटापटीच्या वेळी आकृती लपविते. 'राजी'च्या चित्रपद्धतीचा गुण आणि दोष दोन्ही ह्यात आले. ते कळण्यास तिला ना स्वदेशाभिमान आड आला, ना वास्तवाचा सोस. ती खेळली होती, एवढेच तिचे भांडवल.

आमच्या वाचकांच्या घरी मुले असतील तर त्यांनी हा खेळ अवश्य खेळू द्यावा, शक्य तर सुधारलेल्या आवृत्तीत आणि हिंदी संवादांसह, आणि स्वतः शेजारी बसून पाहावा. खेळ संपल्यावर 'आवडला का?' एवढेच विचारून थांबू नये. कोठे आवडला आणि कोठे अडला, हेही विचारावे. आम्ही जामहून निघालो त्या सकाळी थोरला भाचा पडद्यासमोर बसला होता. हैदराबादेकडून येणाऱ्या मालमोटारींचा आवाज खिडकीतून येत होता. त्याने आमच्याकडे न पाहताच विचारले, "मामा, ह्या उडीला कॅमेरा फिरवता येत नाही का?" त्याची तक्रार कार्टूनवरून उडीवर आली, हे पाहून आम्हांस समाधान वाटले.